वर्गात पाच घरची लेकरे. धर्म शिकवायचा तो कोणाचा?

धानाचा भाव, तेंदूचा लिलाव, बांधीत शिरणारी रानडुकरे हे आपले रोजचे विषय. आज जरा वेगळा विषय घेऊ. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीच्या लेकरांना धर्माबद्दल काही शिकवावे काय? शिकवायचे तर काय, आणि कोणाचा धर्म?

हा पुण्या-मुंबईच्या विद्वानांचा विषय आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तसे नाही बाप्पा! चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत एका वर्गात जितक्या तऱ्हेची लेकरे बसतात, तितकी मोठ्या शहरातल्या शाळेतही सहसा बसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात सुमारे ३९ टक्के आणि चंद्रपूर जिल्ह्यात सुमारे १८ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यात गोंड आले, भामरागड-एटापल्लीकडचे माडिया आले, जिवतीच्या डोंगरावरचे कोलाम आले. शिवाय बौद्ध आहेत, कुणबी-तेली-माळी आहेत, मुसलमान आहेत. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत, आणि सिरोंच्यात तेलुगू बोलणारी घरे आहेत. ही सगळी लेकरे एकाच शाळेत खिचडी खातात. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

एकच दसरा, पाच तऱ्हा

दसऱ्याचेच उदाहरण घ्या. सुट्टीनंतर गुरुजी फळ्यावर लिहितात, "मी दसरा कसा साजरा केला?" आणि सांगतात, दहा ओळी लिहा. एक पोरगा लिहितो, आम्ही आपट्याची पाने वाटली, नांगर-विळ्याची पूजा केली. बौद्ध घरची पोरगी लिहिते, आम्ही बाबासाहेबांना वंदन करायला दीक्षाभूमीवर गेलो. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि लगेच दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आपल्या चांद्यात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. तिच्या घरी दसरा म्हणजे तो दिवस. बंगाली वसाहतीतले लेकरू दुर्गेच्या विसर्जनाचे लिहिते. तेलुगू घरची मुलगी आधीच्या दिवसांतल्या फुलांच्या बतुकम्माचे लिहिते. अहेरीकडचा पोरगा तिथल्या राजघराण्याच्या दसऱ्याची मिरवणूक सांगतो.

आणि गोंडाचे लेकरू? त्याच्या घरी, त्याच्या गावी कदाचित रावणाला पूर्वज मानतात. पुतळा जाळू नका, आमच्या मनाला लागते, असे म्हणत गडचिरोली जिल्ह्यात आदिवासी संघटनांनी निवेदने दिली आहेत, हे आपण बातम्यांत वाचलेच असेल. हे लेकरू काय लिहील? बहुधा ते शेजाऱ्याच्या वहीतले उतरवून घेईल. घरी एक आणि शाळेत एक, असे दोन तोंडांनी बोलायला ते आठव्या वर्षीच शिकते. पुढे पुढे त्याला वाटू लागते की आपल्या घरचे ते मागासलेले आणि पुस्तकातले तेच खरे. मग त्याला घराची लाज वाटते, नाहीतर शाळेचा कंटाळा येतो. पोरगा शाळेत का जात नाही म्हणून आपण मायबापाला बोलतो. दहा कारणांत एक कारण हेही असते, ते कोणी विचारत नाही.

कायदा काय सांगतो?

आता कोणी म्हणेल, "सरकारी शाळेत धर्माचे नावच काढायचे नाही, कायदाच आहे." हे अर्धे खरे आहे. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही पालकाच्या संमतीशिवाय लेकराला धार्मिक पाठाला किंवा पूजा-प्रार्थनेला बसवता येत नाही. म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा किंवा शासकीय आश्रमशाळा कोणत्याही एका धर्माची दीक्षा देणारी जागा होऊ शकत नाही. हे पक्के ध्यानात ठेवा.

पण धर्माची दीक्षा देणे वेगळे आणि धर्मांची ओळख करून देणे वेगळे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा धार्मिक शिकवण आणि धर्माचा अभ्यास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे खुद्द डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले होते. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही हाच फरक केला आणि नागरिकशास्त्राचा भाग म्हणून सर्व प्रमुख धर्मांची निवडक माहिती मुलांना द्यावी असे सुचवले. १९९९ साली आपल्या मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्यशिक्षणावर अहवाल दिला, त्यातही सर्व धर्मांची मूलतत्त्वे शिकवण्याची शिफारस होती. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. १२ सप्टेंबर २००२ रोजी न्यायालयाने निकाल दिला. धर्मांविषयी शिकणे कलम २८ च्या आड येत नाही, असा त्याचा सारांश.

शेतीच्या भाषेत सांगायचे तर असे. कृषी सहायक येतो, धानाच्या दहा वाणांची माहिती सांगतो. कोणता किती दिवसांचा, कोणत्या जमिनीला चालतो, कोणावर कीड येते, सगळे सांगतो. पण आपल्या बांधीत कोणता वाण लावायचा ते घरधनी ठरवतो. सहायकाने जबरदस्तीने एकच वाण पेरून दिला तर आपण त्याला उभे करू काय? गुरुजींचे काम त्या सहायकाचे आहे. माहिती द्यायची, नीट द्यायची, सगळ्यांची द्यायची. पेरणी घरच्यांची.

पोथी नसलेला धर्म

आता खरी अडचण. पुस्तकात "सर्व धर्म" म्हटले की बहुधा पाच-सहा नावे येतात. प्रत्येकाचा ग्रंथ, संस्थापक, मंदिर नाहीतर मशीद नाहीतर विहार. आपल्या जंगलपट्टीतल्या गोंड-माडिया-कोलामांचे काय? त्यांच्यात पोथी नाही, पण धर्म नाही असे कसे म्हणाल? गोंडांचे पेन आहेत, फडसापेन-बडादेव आहे, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या गाथा आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला हजारो लोक जातात ते त्या गाथेसाठीच. लिंगोने विस्कटलेल्या लेकरांना गोळा केले, त्यांना शिकवले, गोटुल घालून दिले, असे गोंड सांगतात. म्हणजे त्यांच्या गाथेतला हा मोठा पुरुष मुळात गुरुजीच! नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी जन्मभर या गाथा, ही भाषा आणि हे कोया पुनेम यांवर लिहिले. ते २०१५ साली गेले.

चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी गोंड कुळांची वाटणी आपण लग्न जुळवताना ऐकतोच. कुळागणिक एखादे झाड, प्राणी नाहीतर पक्षी राखायचा असतो. टेकाम आडनावात सागाला गोंडीत म्हणतात तो टेका आहे, मरकाममध्ये मरका म्हणजे आंबा आहे. माडियांच्या गावात नवे पीक, नवे फळ आले की आधी पंडुम होतो, मग ते तोंडात घालायचे. पेरणीआधी बियाण्याचा पंडुम, आंब्याचा मरका पंडुम. आंबा पिकायच्या आधी कोणी तोडायचा नाही, हा नियम वनखात्याच्या कायद्यापेक्षा जुना आहे. हे लेकराला परिसर अभ्यासाच्या तासाला सांगितले तर ते धर्म शिकवणे झाले काय? ते तर आपल्या रानाचे शिक्षण झाले.

देशात २०११ च्या जनगणनेत "इतर धर्म" या सदराखाली दहा लाखांवर लोकांनी आपला धर्म गोंडी असल्याचे नोंदवले. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मात्र असल्या लेकरांसमोर कोणी न विचारता "हिंदू" असे लिहून टाकतो. ज्या घरी तसेच मानतात त्यांचे लिहा, हरकत नाही. पण आधी विचारा. आणि पालकांनो, दुसरे काही लिहिले तर जमातीचा दाखला जाईल ही भीती सोडा. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही.

मोहगावने काय केले?

धानोरा तालुक्यातल्या मोहगावची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. शाळेत आपली भाषा नाही, आपले रीतभात नाही, म्हणून तिथल्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. नाव ठेवले पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. २०२२ मध्ये शाळेला मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाची नोटीस आली. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली.

यात कोण बरोबर, कोण चूक, ते न्यायालयावर सोडा. दोन्ही बाजूंना कायद्याचा आधार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात विनामान्यता शाळा चालवायला मनाई आहे. त्याच कायद्यात शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा असेही लिहिले आहे. घटनेचे कलम २९ भाषा-संस्कृती जपण्याचा हक्क देते, कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते, आणि १९९६ चा पेसा कायदा गावाच्या चालीरीती जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो.

आपण घ्यायचा धडा निराळा आहे. जंगलातले एक गाव वर्गणी काढून, स्वतःच्या हिमतीवर शाळा उभी करते, याचा अर्थ लोकांना शिक्षण नको आहे असा नाही. त्यांना शिक्षण हवे आहे, पण लेकराने घरचे देव दाराबाहेर ठेवून आत यावे, हे नको आहे. सरकारी शाळेतच त्या लेकराच्या घराला जागा मिळाली, तर वेगळी शाळा काढायची पाळी किती गावांवर येईल?

पण मोहगावसारख्या शाळेलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. तिथल्या लेकराला शेजारच्या गावच्या बौद्ध पोराचा, बंगाली पोराचा देवधर्म कळतो काय? आपलेच तेवढे शिकवणे ही खोड कोणालाही लागू शकते. मोठ्याला लागली तर लहान्याचे नुकसान होते, लहान्याला लागली तर त्याचे स्वतःचे.

मान द्या, प्रश्नही विचारू द्या

सगळ्यांच्या श्रद्धेचा मान राखायचा म्हणजे काहीही चालवून घ्यायचे काय? नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारले. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यात त्याच संशयावरून एक बाई आणि एक माणूस यांना जिवंत जाळले. हे पाप एका जातीचे, एका जमातीचे नाही. संशयाचे भूत कोणाच्याही आंगात शिरते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तो होण्याआधी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेला. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो. गावात लेकरू तापाने फणफणले आणि कोणी शेजारणीकडे बोट दाखवले, त्या घडीला उपयोगी पडते ते चौथीच्या वर्गात शिकलेले. ताप डासाने येतो, शेजारणीने नाही, हे ज्याने शाळेत समजून घेतले तो पोरगा मोठा झाल्यावर त्या गर्दीत उभा राहणार नाही.

पाळीच्या दिवसांत बायामुलींना गावाबाहेरच्या कुर्माघरात ठेवण्याची रीत अशीच आहे. ती आमची परंपरा म्हणून तिला हात लावायचा नाही, असे होत नाही. तिथे साप चावतो, थंडीत पोरी आजारी पडतात. आणि हे फक्त आदिवासींना सांगू नका. पाळीत देवघरात न शिरणाऱ्या बाया आपल्या वाड्यांतही आहेतच की! घटनेच्या कलम ५१ क मध्ये नागरिकांची कर्तव्ये दिली आहेत. त्यात बंधुभाव आहे, संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे आहे, वने-नद्या राखणे आहे आणि वैज्ञानिक दृष्टी वाढवणेही आहे. हे चारही एकत्र शिकवायचे आहे, म्हणून तर काम कठीण आहे.

इंग्लंडातही हाच पेच

आपल्यालाच हे कोडे पडले असे नाही. इंग्लंडात १९४४ च्या कायद्याने शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे होते, ते मुख्यतः ख्रिस्ती. पुढे तिथे हिंदू, मुसलमान, शीख कुटुंबे वसली. १९८८ च्या कायद्याने सांगितले की ख्रिस्ती धर्माबरोबर देशातल्या इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्या. २०१८ साली तिथल्या एका आयोगाने विषयाचे नावच बदलून "धर्म आणि जीवनदृष्टी" असे करा म्हटले, म्हणजे देव न मानणाऱ्यांचेही त्यात येईल. आपल्या कामाची गोष्ट अशी की तिथे हा अभ्यासक्रम जिल्ह्याजिल्ह्याची समिती ठरवते. त्यात धर्मांचे प्रतिनिधी, शिक्षक आणि निवडून आलेले सभासद एकत्र बसतात. लेकराला त्या तासाला बसवायचे नसेल तर पालक नाही म्हणू शकतो. आपल्याकडेही एक समिती आहेच, तिचे नाव शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. पण तिच्या बैठकीत खिचडी आणि खोलीची गळती सोडून दुसरा विषय निघतो काय?

मग करायचे काय?

यासाठी नवे पुस्तक नको, जादा पैसा नको. एवढे करून पाहा.

एक. गावच्या सणांची वही करा. वर्गात जितक्या घरची लेकरे, तितक्यांचे सण, पंडुम, जयंत्या, उरूस, यात्रा महिन्यागणिक लिहा. मार्कंड्याची महाशिवरात्र, चांद्याच्या महाकालीची चैत्रातली यात्रा, १६ ऑक्टोबरची दीक्षाभूमी, ईद, दुर्गापूजा, बियाण्याचा पंडुम, सगळे एकाच वहीत. लेकरांनीच घरी विचारून आणायचे.

दोन. गुरुजींनी बोलताना "आपण असे मानतो" म्हणू नये. "अमक्या घरी असे मानतात" म्हणावे. शब्द छोटा आहे, पण त्याने एकाही लेकराला परके वाटत नाही.

तीन. गोष्टी सांगायला गावची माणसे बोलवा. गायता, भुमिया, विहारातले कोणी, मौलवी, भजनी मंडळातले बुवा, आणि विशेष करून आज्या. गोंडी बोलणारी आजी गोंडीत सांगेल, लेकरे मराठीत उलगडून सांगतील. दोन्ही भाषा पक्क्या होतील.

चार. ऐकायचे, पाहायचे, विचारायचे. पण शाळेत कोणाची पूजा करवून घ्यायची नाही, कोणाला हसायचे नाही, कोणाचे मोठे-कोणाचे छोटे करायचे नाही. आणि एखाद्या घराचे म्हणणे "आम्ही देव मानत नाही" असे असेल, तर तेही त्याच मानाने ऐकायचे.

पाच. परिपाठात घटनेची उद्देशिका वाचतात. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातल्या शाळांत ती वाचायची आहे. ती नुसती घोकू नका. विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य म्हणजे काय, ते सणांच्या वहीवरून समजावून सांगा. पाठ केलेले दोन दिवसांत विसरते, असे समजलेले राहते.

सहा. हे सगळे शाळा समितीच्या बैठकीत ठरवा, इतिवृत्तात लिहा, पेसा गावांत ग्रामसभेचा ठराव घ्या. गुरुजींना एकट्याला पुढे करू नका. बिचारे दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. उद्या एखाद्याने तक्रार केली की बदलीची तलवार त्यांच्याच डोक्यावर. ठराव गावाचा असला तर गुरुजींना पाठबळ मिळते.

काही पालक म्हणतील, "आमच्या पोट्ट्याला दुसऱ्याचे देव कशाला?" त्यांना एवढेच सांगा. तुमचा पोरगा उद्या बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, खाणीत, पोलिसांत, नाहीतर पुण्यात कंपनीत जाईल. तिथे त्याच्या शेजारी कोण बसेल ते तुम्ही ठरवणार नाही. शेजाऱ्याचे घर ज्याने लहानपणी ओळखले त्याला कोणी सहज भडकवू शकत नाही. आणि शेजाऱ्याचे ऐकून आपले विसरते म्हणाल, तर तसेही होत नाही. चार जणांनी आपले सांगितले की लेकरू घरी येऊन विचारते, "आपले काय?" तेव्हा उत्तर द्यायला मायबापाला बसावे लागते. पुष्कळ घरांत ते सांगणेच बंद पडले आहे. शाळेच्या निमित्ताने ते सुरू होईल.

तेव्हा मंडळी, येत्या शाळा समितीच्या बैठकीत हा विषय काढा. आपल्या शाळेच्या वर्गात किती घरची, किती भाषांची, किती रीतींची लेकरे बसतात, ते आधी मोजा. सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना विचारा की त्यांतल्या किती घरांचे नाव वर्षभरात एकदा तरी फळ्यावर आले. उत्तर जे येईल त्यावरून पुढचे काम ठरवा. सणांची वही या सत्रातच सुरू करता येते. तिला लागते एक कोरी वही आणि घरी जाऊन आजीला विचारणारी लेकरे.